गर्भनिरोध, लैंगिक आजार आणि देशोदेशीची माणसं: नाशिकमधून येणारे नेहमीचे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात समुपदेशनाच्या खोलीत, कॉलेजातल्या चर्चांत, आरोग्य शिबिरांत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची सुरुवात 'बाहेरच्या देशांत असं असतं म्हणे' अशी होते, म्हणून उत्तरांतही पुष्कळ देश आले आहेत. तुमच्यासाठी कोणतं साधन योग्य, हे मात्र डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. पान वाचून गोळी सुरू करू नका.

बाहेरच्या देशांत सगळं मोकळेपणाने चालतं. लाज फक्त आपल्याकडेच का?

हा समज इतका पक्का बसलेला आहे की आधी त्याच्याबद्दलच बोलायला हवं. आज जे देश मोकळे दिसतात, त्यातले बरेचसे दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपल्याहून कडक होते.

अमेरिकेत १८७३ च्या कायद्याने गर्भनिरोधक साधनं आणि त्यांची माहितीपत्रकं टपालाने पाठवणं हा गुन्हा ठरवला होता. नवरा-बायकोला साधनं वापरण्याचा हक्क आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये मान्य केलं. लग्न न झालेल्यांना तोच हक्क मिळायला १९७२ उजाडलं. फ्रान्समध्ये १९२० पासून गर्भनिरोधाचा प्रचार करायला बंदी होती, ती १९६७ मध्ये उठली. आता त्याच फ्रान्समध्ये २०२२ पासून पंचविशीपर्यंतच्या मुलींना गर्भनिरोधकं मोफत आहेत आणि २०२३ पासून तरुणांना औषधाच्या दुकानात कंडोमही मोफत मिळतात.

आयर्लंडची हकिकत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिथे १९३५ पासून गर्भनिरोधकांच्या विक्रीला आणि आयातीला बंदी होती. २२ मे १९७१ रोजी डब्लिनच्या काही महिला रेल्वेने बेलफास्टला गेल्या. ते शहर ब्रिटिश कायद्याखाली, त्यामुळे तिथे साधनं मिळत. ती विकत घेऊन त्या परतल्या आणि डब्लिनच्या स्थानकात जकात अधिकाऱ्यांसमोर सगळ्यांना दिसतील अशी उंच धरून उभ्या राहिल्या. गोळ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागत होती, म्हणून काहींनी ॲस्पिरिनची पाकिटंच हलवून दाखवली. अधिकाऱ्यांनी कोणालाही अटक केली नाही. तरीही १९७९ च्या कायद्याने कंडोमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागायची, आणि तीही कुटुंब नियोजनाच्या खऱ्या गरजेसाठीच. चिठ्ठीची अट १९८५ मध्ये गेली.

आपल्याकडे १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मराठीतून या विषयावर प्रश्न विचारायची आणि उत्तर द्यायची परंपरा एवढी जुनी आहे. 'ही आपली संस्कृती नाही' असं कोणी म्हटलं की मला कर्वे आठवतात, आणि माझ्या मते तेवढं उत्तर पुरेसं आहे.

मग सरकार म्हणून भारत मागे होता का?

उलट पुढे होता. १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. १९६८ मध्ये सरकारने 'निरोध' हा कंडोम बाजारात आणला. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आणि 'हम दो, हमारे दो' ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर होती. गाडी अडली ती पुढे.

आपल्याकडे कुटुंब नियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन, एवढंच का झालं?

पन्नास-साठ वर्षांपूर्वी चित्र वेगळं होतं. तेव्हा नसबंदी शिबिरं मुख्यतः पुरुषांची असत. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांवर आणि पुष्कळशा जबरदस्तीने किंवा धाक दाखवून. रेशन, पगार, बदली, सगळं नसबंदीच्या दाखल्याशी जोडलं गेलं. लोकांनी निवडणुकीत राग काढला आणि त्यानंतर पुरुष नसबंदीचं नाव काढायलाही पुढारी धजावेनात. कार्यक्रम थांबला नाही, त्याचं ओझं बाईकडे सरकलं.

आजचे आकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित महिलांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुष नसबंदीचा वाटा ०.३ टक्के होता. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित महिला ऑपरेशनवर आहेत. त्याच पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी 'गर्भनिरोध हे बायकांचं काम, पुरुषाने त्यात पडू नये' या विधानाला होकार दिला. म्हणजे तीन पुरुषांमागे एक.

आपल्या जिल्ह्यात याचा ठरलेला क्रम असा: लवकर लग्न, वर्षाच्या आत पहिलं मूल, लगेच दुसरं आणि पंचविशी-सव्विशीत ऑपरेशन. मधल्या काळात काहीच वापरलेलं नसतं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या महिलांपैकी पाचात एकीचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं, हेही त्याच पाहणीत दिसलं. पेठ, सुरगाण्याकडची सतरा-अठरा वर्षांची मुलगी द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला येते तेव्हा पोटात पहिलं बाळ असतं. पहिल्या मुलाआधी काही वापरणं म्हणजे 'पुढे मूलच होणार नाही' ही भीती तिच्या सासूच्या मनात घट्ट असते. ही भीती आपण समजून घ्यायला हवी. मूल न होणाऱ्या बाईचं गावात काय होतं, हे सासूने पाहिलेलं असतं.

शिबिरांचा धोकाही विसरता येत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरानंतर १३ महिलांचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत नसबंदी शिबिरं बंद करायला सांगितलं.

नवऱ्याने नसबंदी केली तर अशक्तपणा येतो का? शेतीचं काम झेपतं का?

अशक्तपणा येत नाही. वीर्य येतं, इच्छा तीच राहते, ताकद तीच राहते. फक्त वीर्यात शुक्राणू नसतात. बिनटाक्याच्या नसबंदीची पद्धत १९७४ मध्ये चीनमधले डॉक्टर ली शुनच्यांग यांनी शोधली. ती तेवढ्याच जागी भूल देऊन थोड्या वेळात होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. जड उचलायचं काम काही दिवस टाळावं लागतं, त्यामुळे ऐन छाटणीत करू नका, एवढाच सल्ला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करायची.

बाईचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीने होतं, पुरुषाचं त्याहून कितीतरी सोपं आणि कमी धोक्याचं असतं. कॅनडा, न्यूझीलंड, आपला शेजारी भूतान, इथे पुरुष नसबंदी ही घराघरातली गोष्ट आहे. भूतानचे पुरुष डोंगर चढतात, शेती करतात.

माझं ऑपरेशन झालंय. आता कंडोमची काय गरज?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

ऑपरेशन, तांबी, गोळी, इंजेक्शन यांनी दिवस राहत नाहीत. पण एचआयव्ही, सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया यांच्यापासून त्यांनी कसलंच संरक्षण मिळत नाही. ते काम कंडोम करतो. आपण पन्नास वर्षं 'मुलं थांबवा' एवढंच शिकवलं आणि आजाराचा भाग सोडून दिला. त्यामुळे ऑपरेशन झालं की घरातून कंडोम कायमचा जातो. नवरा कामासाठी महिनोन् महिने बाहेर असेल, त्याचा इतरत्र संबंध आला असेल, तर बायकोकडे स्वतःला वाचवायचं काही उरत नाही. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून ती येते आणि 'ऑपरेशनमुळे झालं असेल' असं स्वतःच ठरवून मोकळी होते.

नेदरलँड्समध्ये तरुण जोडप्यांना सरळ सांगितलं जातं: दिवस राहू नयेत म्हणून गोळी आणि आजार होऊ नये म्हणून कंडोम, दोन्ही एकदम वापरा. तिथे किशोरवयीन मातांचं प्रमाण जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे. दोन धोके आहेत, तर दोघांचा वेगळा बंदोबस्त हवा. हे साधं गणित आपल्याकडे पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

थायलंडचं उदाहरण डॉक्टर नेहमी देतात. तिथे असं काय झालं?

थायलंड हा आपल्यासारखाच शेतीप्रधान, धार्मिक, घरातल्या मोठ्यांचा मान ठेवणारा देश. तिथे मेचाई विरवैद्य या माणसाने १९७४ मध्ये एक संस्था काढली आणि गावोगाव कंडोम नेले. शाळेत मुलांकडून कंडोमचे फुगे फुगवून घेतले, पोलिसांकडून रस्त्यावर वाटले, भिक्खूंकडून गोळ्यांच्या पाकिटांवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. कंडोम कोबीसारखा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळाला पाहिजे असं ते म्हणत. 'कोबी आणि कंडोम' याच नावाने त्यांनी उपाहारगृहही काढलं आणि त्याचा नफा आरोग्याच्या कामाला लावला.

मग एड्स आला. १९८९ मध्ये रात्चबुरी प्रांतात अधिकाऱ्यांनी वेश्यागृहांसाठी एकच नियम केला: कंडोमशिवाय कोणीही नाही, एकाही घराला सूट नाही. कंडोम सरकारने मोफत पुरवले. एकाच घराने नियम पाळला तर गिऱ्हाईक शेजारी जातं. सगळ्यांनी पाळला तर बाईला 'नाही' म्हणायचं बळ मिळतं, हा त्यातला विचार. १९९१ मध्ये हा नियम देशभर झाला. त्याच काळात मेचाई मंत्री होते आणि रेडिओ-टीव्हीवर ठरावीक वेळाने एड्सची माहिती देणं बंधनकारक केलं गेलं. १९९१ मध्ये वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे एचआयव्ही संसर्ग होत होते, २००३ पर्यंत ते १९ हजारांवर आले.

यातली दुसरी बाजूही सांगते. त्या नियमात पोलिसांचा धाक होता आणि तो सोसला बायकांनी. म्हणून तीच पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही. पण मोफत, सहज, आणि न लाजता, हे तीन भाग उचलण्यासारखे आहेत. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत टीव्हीवर दाखवू नयेत असा आदेश निघाला होता. थायलंडच्या बरोबर उलट दिशेने.

शाळेत शिकवलं तर मुलं बिघडणार नाहीत का?

स्वीडनने १९५५ मध्ये शाळेत लैंगिक शिक्षण सक्तीचं केलं. सत्तर वर्षांचा अनुभव आहे. जिथे वयाला साजेसं आणि पूर्ण शिक्षण मिळतं तिथे मुलं लवकर संबंध सुरू करत नाहीत, उलट थोडी उशिरा करतात आणि करतात तेव्हा काळजी घेतात, असंच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. डच प्राथमिक शाळांत सुरुवात होते ती स्वतःचं शरीर, नको असलेला स्पर्श, 'नाही' म्हणणं इथून.

महाराष्ट्रात २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर विधानसभेत गदारोळ झाला आणि तो बंद पडला. तेव्हाची मुलं आज तिशीत आहेत, आईबाप झाली आहेत. शाळेने शिकवलं नाही म्हणून त्यांना कळायचं राहिलं नाही. कळलं ते मोबाइलवरच्या अश्लील व्हिडिओंतून, आणि त्यात ना कंडोम असतो, ना बाईची संमती. गंगापूर रोडवरच्या कॉलेजातली मुलं आणि हरसूलच्या आश्रमशाळेतली मुलं, दोघांचा शिक्षक आज एकच आहे. तो बदलावा असं वाटत असेल तर आईवडिलांनी शाळेत जाऊन मागणी करावी लागेल.

आमच्या धर्मात हे चालत नाही, असं घरचे म्हणतात.

धर्माचा आदर ठेवूनच उत्तर देते. इराण हा धर्मगुरूंच्या हाती असलेला देश. १९८९ पासून तिथे सरकारने कुटुंब नियोजन हाती घेतलं, धर्मगुरूंनी त्याला मान्यता दिली आणि लग्नाआधी जोडप्याने गर्भनिरोधाचा वर्ग करणं सक्तीचं झालं. ऐंशीच्या दशकात एका बाईमागे सहाच्या वर मुलं होती, वीसेक वर्षांत ती दोनच्या आसपास आली. बांगलादेशात बायका घराबाहेर पडत नव्हत्या, तर आरोग्यसेविकाच दारोदार गोळ्या घेऊन गेल्या. सत्तरच्या दशकात सहाच्या वर असलेलं प्रमाण तिथेही दोन-सव्वादोनवर आलं. इंडोनेशियात 'दोन मुलं पुरेत' ही सरकारी घोषणा गावच्या मशिदीतल्या माणसांनीही उचलली.

कॅथलिक चर्चने १९६८ मध्ये कृत्रिम गर्भनिरोधाला पुन्हा ठाम नकार दिला. तरीही व्हॅटिकन ज्या देशाच्या पोटात आहे त्या इटलीत जन्मदर जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे. फिलिपिन्समध्ये मात्र चर्चचा विरोध इतका टिकला की गर्भनिरोधकं मिळण्याचा कायदा व्हायला २०१२ लागलं.

एकाच धर्माचे दोन देश दोन टोकांना असतात. फरक पडतो तो साधन हाताशी आहे का, आणि घरातल्या मोठ्या माणसाने 'हरकत नाही' म्हटलं का, यानेच. म्हणून सासूबाईंनाही बरोबर घेऊन या. बऱ्याचदा त्यांचेच प्रश्न जास्त असतात.

गोळीने पुढे मूल होत नाही, हे खरं का?

खोटं. गोळी थांबवली की पाळीचं चक्र पूर्ववत होतं. तीन महिन्यांच्या 'अंतरा' इंजेक्शननंतर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात, तांबी काढली की लगेच राहू शकतात.

गोळीची भीती फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. अमेरिकेत गोळी १९६० मध्ये मंजूर झाली, जपानमध्ये ती १९९९ पर्यंत मिळत नव्हती. त्याच वर्षी पुरुषांची व्हायग्रा सहा महिन्यांत मंजूर झाली, तेव्हा जपानी बायकांनी जाहीर प्रश्न विचारले आणि गोळी आली. आजही तिथे मुख्य भरवसा कंडोमवर आहे.

आपल्याकडे एक वेगळा पर्याय आहे, जो जगात फारसा कुठे नाही. 'छाया' ही बिनहार्मोनची गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळी थोडी पुढे जाऊ शकते, त्याने घाबरू नका.

तातडीची गोळी दर वेळी घेतली तर?

तिचं नावच तातडीची. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. ती गर्भपात करत नाही, आधीच राहिलेले दिवस तिने जात नाहीत. महिन्यातून दोन-तीनदा लागत असेल तर नियमित साधनाकडे वळा. आजारापासून तिचं काहीही संरक्षण नाही.

आणि मेडिकलमधून 'पाळी आणायच्या गोळ्या' परस्पर घेऊ नका. त्या गर्भपाताच्या असतात. अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्राव झालेल्या बायका दवाखान्यात येतात, काही फार उशिरा.

माझं लग्न झालेलं नाही. डॉक्टर मला विचारपूस करून परत पाठवतील का?

अठरा पूर्ण झालेल्या कोणालाही गर्भनिरोधक घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. लग्नाचा दाखला, नवऱ्याची सही, काही लागत नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही असं स्पष्ट केलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं.

अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण मुलीने किंवा तिच्या पालकाने विनंती केली तर तिचं नाव उघड न करता कळवता येतं, असंही त्याच निकालात आहे. त्या भीतीने मुलीला घरगुती उपाय करायला लावू नका.

कोणी उपदेश करून परत पाठवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. तुमची चूक नाही.

लैंगिक आजार झाला की कळतोच ना?

नाही. क्लॅमिडियाची बहुतेक बायकांना काहीच लक्षणं जाणवत नाहीत, आणि तो वर चढून गर्भनलिका बंद करू शकतो. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरते आणि माणूस बरं वाटलं म्हणून विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात रोज १० लाखांहून जास्त लोकांना बरे होऊ शकणारे लैंगिक संसर्ग होतात. बरे होऊ शकणारे, हे शब्द लक्षात घ्या. सिफिलिस आजही पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो.

श्रीमंत आणि स्वच्छ देशही यातून सुटलेले नाहीत. जपानमध्ये २०२२ मध्ये सिफिलिसचे १० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत तपासणीचा संच टपालाने घरी मागवता येतो. स्वीडनमध्ये रुग्णाच्या जोडीदारांना शोधून तपासणं कायद्यानेच आवश्यक आहे.

आपल्याकडे नेमका हाच दुवा तुटतो. बायको औषध घेते, नवरा घेत नाही, आणि आजार परत येतो. दोघांनीही उपचार घ्या. रस्त्याकडेच्या 'गुप्तरोग तज्ज्ञ' पाट्यांच्या नादी लागू नका.

एचआयव्हीचा धोका आता संपला ना?

कमी झाला, संपलेला नाही. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त महाराष्ट्रात. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या दारातून जातो, अंबड-सातपूरला गाव सोडून आलेले तरुण कामगार आहेत, म्हणून ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम चालतात. ते या लोकांना बदनाम करायला नाहीत. घरापासून लांब राहायला लावणाऱ्या कामाची ती जोखीम आहे.

बदललेली गोष्ट अशी की रोज औषध घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली आला, तर संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. संपर्क झालाय अशी शंका असेल तर ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या २८ दिवसांच्या औषधाने संसर्ग टाळता येऊ शकतो. त्यासाठी थेट सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय गाठा, सोमवारची वाट पाहू नका. ब्राझीलने १९९६ पासूनच सगळ्यांना औषधं मोफत दिली, तेव्हा 'गरीब देशाला हे परवडणार नाही' असं म्हणणारे पुष्कळ होते. आज आपल्याकडेही ती मोफत आहेत.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल कोणाला सांगता येत नाही, आणि नोकरीवरून काढता येत नाही.

मुलीला एचपीव्हीची लस द्यावी का?

द्यावी, आणि ९ ते १४ या वयात दिली तर उत्तम. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी या विषाणूमुळे होतो. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये देशभर लसीकरण सुरू केलं, गरीब असलेल्या रवांडाने २०११ मध्ये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही आता आहे. 'एवढ्या लहान मुलीला लैंगिक आजाराची लस कशाला' असं वाटणाऱ्या आईला मी सांगते: ही कर्करोगाची लस आहे, आणि ती आधी दिली तरच पूर्ण उपयोगी पडते. मुलग्यांनाही देता येते.

सरकारं एकदा दिलेला हक्क परत घेतात का?

घेतात. रुमेनियात १९६६ मध्ये लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपात बंद केला गेला आणि गर्भनिरोधकं दुर्मिळ झाली. १९८९ मध्ये सत्ता पालटेपर्यंत असुरक्षित गर्भपाताने हजारो बायका गेल्या, अनाथालयं भरली. ज्या इराणचं वर कौतुक केलं तिथे २०१२ नंतर धोरण उलटलं आणि २०२१ च्या कायद्याने सरकारी दवाखान्यातून मोफत साधनं बंद झाली. चीनने पस्तीसेक वर्षं एकच मूल सक्तीने लादलं आणि आता जन्म वाढावेत म्हणून १ जानेवारी २०२६ पासून गर्भनिरोधकांवर १३ टक्के कर लावला. आपल्याकडे गर्भनिरोधकांवर जीएसटी नाही.

कमी मुलं व्हावीत म्हणून सक्ती करा किंवा जास्त व्हावीत म्हणून, दोन्हीकडे भोगते तीच बाई. महाराष्ट्रात एका बाईमागे मुलांचं प्रमाण २०१९-२१ च्या पाहणीतच १.७ वर आलं होतं. त्यामुळे 'मुलं थांबवा' हा जुना सूर सोडून 'कधी हवं ते तुम्ही ठरवा आणि निरोगी राहा' असं आता बोलायला हवं.

नाशिकमध्ये मोफत काय आणि कुठे मिळतं?

निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, तातडीची गोळी, अंतरा इंजेक्शन, तांबी, दोघांचीही नसबंदी, हे सगळं सरकारी यंत्रणेत मोफत आहे. शहरात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, नाशिकरोडचं बिटको, इथे चौकशी करा. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र. आशाताईंकडे निरोध आणि गोळ्या असतात, त्या घरी आणून देतात. आशाताई ओळखीच्या असल्याने संकोच वाटत असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा, तिथे तुम्हाला कोणी ओळखण्याची शक्यता कमी.

लैंगिक आजारांसाठी सिव्हिलमध्ये 'सुरक्षा क्लिनिक' विचारा आणि एचआयव्ही तपासणीसाठी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक बंद खोलीत बोलतात, निकाल तुमच्याच हातात देतात. घरून आधी बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव न सांगताही बोलता येतं.